कीडाजडी: फायद्याचे दावे आणि २०१६ चा आर्सेनिकचा निर्णय

कीडाजडीचा, म्हणजे हिमालयात उंचावर अळीच्या अंगावर वाढणाऱ्या बुरशीचा, आजचा बोलबाला समजून घ्यायचा तर फार मागे जायची गरज नाही, १९९३ पासून सुरुवात केली तरी चालेल. तिबेटी वैद्यकात १५ व्या शतकापासून, चिनी औषधग्रंथांत साधारण १८ व्या शतकापासून तिचा उल्लेख आहेच, फुफ्फुसं, किडनी आणि आजारातून उठलेल्या माणसाची ताकद यासाठी. पण १९९३ ला बीजिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत चिनी मुलींनी लांब पल्ल्याचे जागतिक विक्रम मोडले आणि कोचने श्रेय दिलं ते ट्रेनिंगला, कासवाच्या रक्ताला आणि या बुरशीला. पुढे त्या टीमवर डोपिंगचे आरोप झाले, तरी ‘स्टॅमिना वाढवते’ हे तोवर जाहिरातीत जाऊन बसलं होतं, ते अजून निघालेलं नाही.

मागणी वाढली तसा नेपाळने २००१ मध्ये गोळा करायला कायदेशीर परवानगी दिली, आपल्याकडे उत्तराखंडात पिथौरागडच्या धारचुला-मुनस्यारी भागातली गावंच्या गावं मे-जूनमध्ये वर बुग्यालांवर, म्हणजे डोंगरावरच्या गवताळ कुरणांवर, जाऊ लागली. गवतात अक्षरशः पोटावर पडून शोधतात, कारण मेलेल्या अळीच्या डोक्यातून निघालेला तपकिरी देठ काडीएवढाच असतो, आणि तो तुटला की भाव पडतो. किंमत सोन्यासारखी, त्यामुळे वजन वाढवायला शिसं घालण्याचे प्रकार झाले. भेसळीच्या मालामुळे शिशाची विषबाधा झालेल्या दोन रुग्णांची नोंद १९९६ मध्येच तैवानमधून प्रसिद्ध झाली होती.

पण खरा वाद आर्सेनिकचा, आणि त्यावर आपल्याकडे कोणी धड बोलत नाही. चीनने २०१२ मध्ये काही कंपन्यांना हेल्थ फूडमध्ये कीडाजडी वापरायची प्रायोगिक परवानगी दिली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी खात्याने तपासणीचे आकडे जाहीर केले, किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आर्सेनिक, हेल्थ फूडची मर्यादा १ मिलिग्रॅम, आणि त्याच महिन्यात प्रयोग बंद झाला. व्यापारातले लोक चिडले, त्यांचं म्हणणं हा एकूण आर्सेनिकचा आकडा आहे, त्यातला घातक अजैविक भाग किती ते बघा, आणि कोणी ही किलोने खात नाही. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. दुसऱ्यात मला तरी नाही वाटत, कारण दिवसाला ३ ग्रॅम धरले तरी ९.९ च्या हिशोबाने ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे पिण्याच्या पाण्याला जी १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरची मर्यादा असते त्या पाण्याचे जवळजवळ तीन लिटर झाले, आणि ही पाणी-जेवणातून येणाऱ्या आर्सेनिकवर वरची भर, तीही ‘रोज घ्या, महिनोन्महिने घ्या’ अशा सल्ल्याने! यात अजून एक गुंता आहे, औषध म्हणून ती चीनच्या अधिकृत औषधयादीत राहिलीच. म्हणजे वैद्याने ठरावीक दिवस दिली तर चालेल, घरात पूरक आहार म्हणून डबा भरून ठेवायची नाही. मला हा फरक योग्य वाटतो, आणि नेमका हाच फरक आपल्याकडच्या विक्रीत पुसला जातो.

फायद्याचं बोलायचं तर काहीच नाही असं नाही. प्राण्यांवरचे आणि प्रयोगशाळेतले निकाल बरे आहेत. किडनीच्या जुनाट आजारावरचे चिनी प्रयोग एकत्र तपासून २०१४ मध्ये जो आढावा निघाला त्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) कमी झाल्याचं दिसलं, पण अभ्यासांचा दर्जाच कमी म्हणून ठाम निष्कर्ष काढला नाही.

आणि महाराष्ट्रात ‘कीडाजडी’ म्हणून ज्या कॅप्सूल, पावडरी मिळतात त्यात बऱ्याचदा हिमालयातली बुरशी नसतेच, भातावर लॅबमध्ये वाढवलेली कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस ही दुसरीच जात असते, नारिंगी रंगाची. ती वाईट आहे असं नाही, जंगली मालाच्या आर्सेनिकचा प्रश्न तिला तसाच लागू होत नाही, आणि ज्या कॉर्डिसेपिन या घटकाचं एवढं कौतुक चालतं ते मुळात हिच्यातच भरपूर असतं. पण मग किडनीवरचे हिमालयातल्या जातीचे निकाल हिच्या डब्यावर छापू नका ना. ज्यांचं ट्रान्सप्लांट झालंय, जे रक्त पातळ करायच्या किंवा शुगरच्या गोळ्या घेतात, त्यांनी तर दोन्हीतली कुठलीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये, कारण इम्युनिटी, रक्त गोठणं आणि साखर या तिन्हींवर परिणाम होऊ शकतो. आणि ऑपरेशन ठरलं असेल तर ही घेतोय हे सर्जनला आधीच सांगा, पेपरवर्कमध्ये बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.