एमपॉक्स आणि देवीची जुनी लस: पार्श्वभूमी

देवीच्या लशीत देवीचा विषाणू कधीच नव्हता. तिच्यात असतो त्याचा भाऊबंद, व्हॅक्सिनिया. देवी, गायींची देवी, एमपॉक्स (पूर्वीचं नाव मंकीपॉक्स) हे सारे याच कुळातले. हे विषाणू आकाराने मोठे, डीएनएचे आणि फ्लूच्या मानाने फार सावकाश बदलणारे. त्यांची बरीच प्रथिनं एकमेकांशी जुळतात आणि शरीर एकाच वेळी त्यातल्या अनेकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. एखाद्या प्रथिनात फरक पडला तरी बाकीची ओळख कामी येते; म्हणूनच देवीची लस एमपॉक्सपुढेही उपयोगी पडते. कांजण्यांचे फोड दिसायला सारखे असले तरी तो विषाणू वेगळ्याच कुळातला, त्यामुळे कांजण्या होऊन गेल्या म्हणून एमपॉक्सपासून बचाव होत नाही.

गायींच्या देवीची लस टोचून देवी रोखण्याचा एडवर्ड जेन्नरचा १७९६चा इंग्लंडमधला प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. ती लस बगदाद-बसरामार्गे, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी टोचत टोचत मुंबईला पोहोचली आणि १८०२च्या जूनमध्ये तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली.

एमपॉक्स माणसात पहिल्यांदा ओळखला गेला १९७० मध्ये, काँगोत, नऊ महिन्यांच्या एका मुलात. त्याला देवीची लस मिळालेली नव्हती. देवीनिर्मूलनाची मोहीम तेव्हा जोरात होती आणि माकडांमधूनच देवी परतेल की काय, ही भीती खरी होती. तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, की हा विषाणू वेगळा आहे आणि माणसांत फार पसरत नाही. मे १९८० मध्ये देवी संपल्याची घोषणा झाली, लसीकरण थांबवण्याची शिफारसही झाली. आपल्याकडे ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीसच आवरतं घेतलं होतं.

या निर्णयावर आजही बोट ठेवलं जातं. पण ती लस साधी नव्हती. दुतोंडी सुईवर थेंब घेऊन चिमूटभर जागेत पंधरा वेळा टोचायचं, मग फोड, ताप, खपली आणि जन्मभराचा व्रण. तो जिवंत विषाणू होता; दहा लाखांत एखादा जीव जायचा आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना तर मोठाच धोका. पुढे एचआयव्हीच्या काळात ही मोहीम चालू असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. संपलेल्या रोगासाठी ही किंमत मोजत राहायची कशाला?

मला तरी खरी चूक त्यानंतरची वाटते. १९८१ ते १९८६ या काळात काँगोत (तेव्हाचं झाईर) गावोगाव फिरून रुग्ण शोधले गेले. जुनी लस एमपॉक्सपासून सुमारे ८५ टक्के संरक्षण देते, हा आजही सगळीकडे फिरणारा आकडा त्याच कामातून आला. म्हणजे लस बंद झाल्यावर कोणती भिंत खचणार, हे हातात आलं होतं. आणि नेमकी तेव्हाच ती सघन पाहणी गुंडाळली गेली.

पुढचं सगळं त्या ओघानेच आलं. २००५ ते २००७ मध्ये काँगोच्या काही भागांत पुन्हा मोजणी झाली, तेव्हा रुग्णांचं प्रमाण ऐंशीच्या दशकाच्या वीसपट निघालं. लस घेऊन पंचवीस-तीस वर्षं उलटलेल्यांना मात्र धोका पाचपटीने कमी होता. २०१७ मध्ये नायजेरियात जवळपास चार दशकांनी रुग्ण सापडले. २०२२ मध्ये साथ जगभर गेली, जुलैमध्ये केरळातही रुग्ण आढळला. आपल्याकडे त्या वेळी ऐंशीनंतर जन्मलेले काहीजणही दंडावरचा व्रण दाखवून निश्चिंत होत होते. तो व्रण बहुधा बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा. एमपॉक्सपुढे त्याच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

आता लस आहे ती त्याच व्हॅक्सिनियाची, पण माणसाच्या शरीरात वाढू न शकणारी. तीही मुळात देवीचा विषाणू कुणी हत्यार म्हणून वापरेल या धास्तीने साठवली गेली, श्रीमंत देशांत. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा जागतिक आणीबाणी जाहीर झाली आणि सप्टेंबरमध्ये काँगोत पहिले डोस उतरले. तिथल्या रुग्णांत मोठा वाटा मुलांचा होता. लशीला मंजुरी होती ती अठरा वर्षांपुढच्यांसाठी.