उंदराचं साखरपाणी आणि आपला स्ट्रेस

स्ट्रेसवर एखादी वनस्पती चालते का हे लॅबमध्ये बघणार कसं, उंदराला थोडंच विचारता येतं की बाबा रे टेन्शन कमी झालं का? तर त्याला रोज थोडं थोडं छळतात. आज पिंजरा तिरका करून ठेवला, उद्या खालचा भुसा ओला केला, परवा रात्रभर लाइट चालू, असं काही आठवडे, आणि क्रम मुद्दाम बदलत राहायचं, कारण सवय झाली की मग कसला आलाय स्ट्रेस. मग दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. धडधाकट उंदीर साखरेवर तुटून पडतो, पण छळलेल्याला गोडाचंही अप्रूप उरत नाही. अर्क दिल्यावर तो परत गोड पाण्याकडे वळला तर समजायचं की यात काहीतरी दम आहे.

आता उंदराचं ठीक, माणसाचं काय? आपल्यात मेंदूतून सिग्नल निघतो, किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं स्ट्रेसचं हार्मोन सोडतात, आणि कॉर्टिसॉल वाढलं की तेच मेंदूला सांगतं, बस झालं आता. स्ट्रेस महिनोनमहिने चालला की हा ब्रेक नीट लागेनासा होतो. अश्वगंधेवर 2012 मध्ये 64 जणांवरची एक ट्रायल छापून आली, 60 दिवस मुळांचा अर्क घेतलेल्यांचं कॉर्टिसॉल साधारण 28 टक्क्यांनी उतरलं. भारीच की! पण नुसती खोटी गोळी घेतलेल्यांचंही 8 टक्के उतरलं होतं, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही, आणि 64 म्हणजे माणसं तरी किती.

शिवाय अर्क म्हणजे झाड नव्हे. पाण्यात काढला तर एक प्रकारची द्रव्यं उतरतात, अल्कोहोलमध्ये दुसरीच, मूळ आणि पान यांच्यातही फरक, अश्वगंधेच्या पानांत विदाफेरिन ए नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते पेशींना मारक ठरू शकतं. म्हणजे नाव एकच असलं तरी दोन डब्यांतला माल सारखा असेलच असं नाही.

अश्वगंधेमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत, थायरॉइडचे आकडेही हलतात. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती तर, उदास मनावर घेतात ती, लिव्हरमधली एन्झाइम्स इतकी वाढवते की गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. आणि डॉक्टरांनी विचारलं काही औषध चालू आहे का, तर लोक सरळ नाही म्हणतात, कारण हर्बल कॅप्सूल त्यांच्या हिशेबी औषधात मोडतच नाही.