कुशीतली चमक आणि पोटातला मुरडा

धावताना पोटात दुखलं की ‘पोटातलं रक्त पायांकडे गेलं’ असं सरसकट सांगितलं जातं. मुरड्याबाबत यात बरंच तथ्य आहे, चमकेबाबत बहुधा नाही.

चमक बरगडीखाली, बहुतेक वेळा उजव्या कुशीत येते आणि जागा बोटाने दाखवता येते. काहींचा खांदाही दुखतो. थांबलं की थोड्या वेळात ती जाते. नेमकं कारण ठरलेलं नाही. पण घोडेस्वारांनाही ती सतावते, आणि स्वाराला धावणाऱ्याइतका दम लागत नाही. म्हणून रक्त कमी पडल्याचा खुलासा मला पटत नाही. भरल्या पोटी किंवा गोड सरबत पिऊन पळल्यावर ती जास्त येते, त्यामुळे पोटाच्या पोकळीच्या आतल्या अस्तराला घर्षण होत असावं हा तर्क अधिक जुळतो.

मुरडा मात्र खोलवर, बेंबीभोवती किंवा ओटीपोटात येतो. सोबत मळमळ आणि शौचाची घाई. इथे रक्ताचा हिशेब लागू पडतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फेकतं, त्यातलं साधारण पाव रक्त जठर, आतडी आणि यकृताकडे जातं. जीव तोडून धावताना हृदय 20 लिटरच्याही पुढे जातं, तरी या अवयवांना अर्ध्या लिटरच्या आसपासच मिळतं. तिथल्या रक्तवाहिन्या मज्जातंतूंच्या हुकुमाने आवळल्या जातात. मूत्रपिंडांचंही रक्त घटतं, मेंदूचं मात्र राखलं जातं.

ही घट वेगावर नाही, तुमच्या कुवतीपैकी किती टक्के ताकद लागते त्यावर ठरते. 1964 मध्ये अमेरिकेत लोरिंग रोवेल आणि सहकाऱ्यांनी शिरेतून हिरवा रंग देऊन यकृताचा रक्तप्रवाह मोजला आणि तो श्रमाबरोबर घटत जातो हे दाखवलं. म्हणून सपाटीवर गप्पा मारत गाठलेला वेग साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात टिकवायला गेलात, तर पोट तक्रार करू लागतं. सराव असलेल्याला त्याच चढाला कमी टक्के लागतात, त्याचं पोट शांत राहतं. उन्हात त्वचेलाही रक्त हवं असतं आणि घामाने पाणी कमी झालेलं असतं, त्यामुळे पोटाच्या वाट्याला आणखी कमी येतं.

चमकेला वेग कमी करा, खोल श्वास घ्या, दुखरी जागा दाबून थोडं पुढे वाका. मुरड्याला वेग तर उतरवाच, सावलीत जा, घोट घोट पाणी प्या. शर्यतीआधी आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घ्यायची सवय अनेकांना आहे, ती कृपया सोडा: रक्त कमी पडलेल्या आतड्याची इजा त्याने वाढते. आणि शौचातून रक्त गेलं किंवा विष्ठा डांबरासारखी काळी झाली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.