कॅन्सरचा रुग्ण कुठे न्यायचा? रुग्णालय निवडण्याआधीचे कागद, पात्रता आणि अर्ज

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरात एकच प्रश्न उरतो, कुठे न्यायचं? माझ्या मामांच्या वेळी तीन दिवसांत सात जणांनी सात रुग्णालयांची नावं सांगितली. सरकारी योजनेतल्या मोफत उपचारांना रेशनकार्ड लागतं, पण त्यावर मामांचं नाव आहे का, हे एकानेही विचारलं नाही. नाव होतं, पण आधारवर 'दत्तात्रय' आणि रेशनकार्डावर 'दत्तू'. त्या एका शब्दापायी आमचे नऊ दिवस तहसील कचेरीत गेले. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या घराचे असे दिवस जाऊ नयेत, म्हणून हे लिहितेय.

ठिकाण पहिल्या उपचाराआधी ठरवा

कॅन्सरमध्ये उपचारांच्या क्रमाला फार महत्त्व असतं. काही गाठींना आधी केमो देऊन मग ऑपरेशन करतात, काहींचं उलट. घाबरून जवळच्या दवाखान्यात गाठ अर्धवट काढून घेतली, तर पुढे दुसऱ्यांदा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. म्हणून रुग्णालयात पहिला प्रश्न हा विचारा: सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात का? याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. माझ्या मते इमारत किती मोठी आहे यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त मोलाचं.

दुसरी गोष्ट अंतराची. रेडिएशन साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस असतं आणि पुष्कळदा पाच-सहा आठवडे चालतं. केमो बहुतेक वेळा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. तेव्हा रुग्णासोबत कोण राहणार, कुठे राहणार, हे आधी ठरवावं लागतं. मोठ्या केंद्रात उपचारांची आखणी आणि ऑपरेशन, केमो मात्र घराजवळ, असंही करता येतं. तसं पत्र डॉक्टरांकडून मागून घ्या, ते देतात.

मुंबईच्या परळला टाटा मेमोरियल आहे. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याचंच दुसरं केंद्र खारघरला. पण तेवढंच नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने मुंबई गाठण्याआधी इथे चौकशी केलीच पाहिजे.

टाटामध्ये नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट, असं विचारतात. जनरलमध्ये खर्च खूप कमी, पण थांबावं लागतं. डॉक्टर तेच असतात. 'प्रायव्हेट फाइल काढली तर औषध चांगलं मिळेल' या समजुतीने कर्ज काढू नका.

स्लाइड आणि ब्लॉक

हे थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळे अडतात. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात. बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या चौकटीत पांढरट मेण, मधोमध तपकिरी ठिपका आणि कडेला पेनाने लिहिलेला नंबर: हा ब्लॉक. त्याचे पातळ काप काचेवर घेतले की ती स्लाइड. मोठं केंद्र नुसत्या रिपोर्टवर उपचार ठरवत नाही, स्लाइड आणि ब्लॉक आपल्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासतं. ते सोबत नसतील तर परत यावं लागतं, नाहीतर सुई पुन्हा टोचून घ्यावी लागते. पहिल्या प्रयोगशाळेत लेखी अर्ज देऊन दोन्ही मागून घ्या आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का, ते तिथेच उभं राहून बघा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. सीटी किंवा पेट स्कॅनच्या फिल्मसोबत सीडीही घ्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजना

राज्य सरकारची ही मोफत उपचारांची योजना, २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आलेली. १ जुलै २०२४ पासून ती फक्त पिवळ्या-केशरी कार्डांपुरती राहिलेली नाही, पांढरं रेशनकार्ड असणारेही पात्र आहेत. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही त्यात आहे, मात्र योजनेच्या यादीत बसणारे उपचारच. रुग्ण ७० किंवा त्याहून जास्त वयाचा असेल तर आधारवर केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही.

लागणारे कागद थोडेच: रेशनकार्ड, आधार किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र आणि निदानाचे रिपोर्ट. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधी तिथे जा. आरोग्यमित्र ऑनलाइन नोंद करतो, रुग्णालय पूर्वमंजुरी मागतं, मंजुरी आली की उपचार सुरू. उपचार आधी करून पैसे भरले आणि पावत्या घेऊन नंतर गेलात, तर ते परत मिळत नाहीत. शिवाय रुग्णालय योजनेत असलं तरी तुमचा आजार बघणारा विभाग त्यात आहे का, हे वेगळं विचारा. टोल फ्री क्रमांक १५५३८८.

योजनेत बसत नसेल तर

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, बिलिंगच्या खिडकीवर नको.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत लागतं. अर्ज, चालू वर्षाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडायचं. खासगी रुग्णालयाचं असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही हवी. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, म्हणून ते रुग्णालय निधीच्या यादीत आहे ना, याची खात्री करून मगच अर्ज करा.

प्रवासासाठी रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट.

आजार खूप पुढे गेला असेल तेव्हा

हा भाग लिहिताना हात जड होतो. डॉक्टरांनी 'आता बरा होण्याचा उपचार उरलेला नाही' असं सांगितलं, तर रुग्णाला घेऊन शहरामागून शहर फिरण्याआधी एकदा पॅलिएटिव्ह केअर विभागात जा. वेदना, धाप, जखमेचा वास, झोप न लागणं या सगळ्यावर तिथे उपचार आहेत. मामांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या त्या रात्री ते दीड महिन्यानंतर पहिल्यांदा आडवे होऊन झोपले. या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मान्यता असलेल्या ठिकाणीच मिळतात. म्हणून घरी निघण्याआधी तीन गोष्टी विभागातून लिहून घ्या: गोळ्यांची चिठ्ठी, तुमच्या जिल्ह्यात त्या कुठे मिळतील त्या ठिकाणाचं नाव आणि रात्री दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा त्याचा नंबर.