तपकिरी प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ?

संभाजीनगर असो की लातूर, खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांत एक समज कायम फिरत असतो: रंगीत प्रवाळ तेवढं ठणठणीत, तपकिरी म्हणजे मरायला टेकलेलं. तसं नाही. तो तपकिरी रंग प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. तेच उजेडावर अन्न बनवून प्रवाळाला पुरवतं. काळजी करायची ती प्रवाळ पांढरं पडल्यावर.

सगळ्यात जास्त अन्याय होतो लेदर कोरल या मऊ प्रवाळावर. ते अधूनमधून मिटतं, अंगावर मेणचट चकाकी येते, आणि लोक ‘गेलं’ म्हणून काढून टाकतात. खरं तर ते कात टाकत असतं! वरचा पातळ थर चिकटलेल्या शैवालासकट सुटतो आणि काही दिवसांत ते पुन्हा फुलतं. पाण्याचा प्रवाह थोडा वाढवा, बस्स. मशरूम कोरल तर कमी उजेडातही तग धरतं. मला तरी निळ्या दिव्याखालच्या भडक प्रवाळाच्या कांड्यांपेक्षा तेच बघत बसावंसं वाटतं.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. बाहेर चाळिशी ओलांडली तरी टाकीतलं पाणी २६ अंशांच्या आसपास हवं. बोअरचं जड पाणी नको, आरओचंच घ्या. आणि दगडी, म्हणजे कठीण सांगाड्याच्या, प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोकणातून उचलून आणू नका.