‘ए’ बटण उजवीकडून खाली कसं आलं

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर हात बसलेला खेळाडू निन्टेन्डोचा स्विच घेऊन बसला की पहिल्याच मेनूत चुकतो. पडद्यावर ‘ए’ दाबा असं येतं, अंगठा सवयीने खालच्या बटणावर जातो, तिथे ‘बी’ असतं आणि उघडलेला मेनू बंद होतो. दोन्हीकडे अक्षरं तीच आहेत: ए, बी, एक्स, वाय. पण निन्टेन्डोकडे ए उजवीकडे आणि बी खाली. मायक्रोसॉफ्टकडे ए खाली आणि बी उजवीकडे. एक्स आणि वायचंही तसंच, एकीकडे एक्स वर आणि वाय डावीकडे, तर दुसरीकडे नेमकं उलट. सोनीने अक्षरंच घेतली नाहीत. हा गुंता समजून घ्यायचा तर कंट्रोलरवर दोनच बटणं असायची त्या काळात जावं लागतं.

त्याच्याही आधी एकच बटण होतं. अटारी २६०० (१९७७) च्या जॉयस्टिकवर ते चौकोनी पेटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असे. पेटी डाव्या हातात, डावा अंगठा बटणावर आणि दांडा उजव्या हाताने फिरवायचा. म्हणजे दिशा उजव्या हाताकडे आणि कृती डाव्या हाताकडे, आजच्या बरोबर उलट. इंटेलिव्हिजन (१९७९) आणि कोलेकोव्हिजन (१९८२) यांनी टेलिफोनसारखी आकड्यांची बटणं दिली आणि त्यांवर सरकवायला गेमगणिक वेगळं छापील पान दिलं. बटणं भरपूर झाली, पण मान खाली घालून बघितल्याशिवाय कुठलं दाबतोय ते कळायचं नाही. न बघता सापडलं पाहिजे, ही अट तेव्हापासून या कामात कायमची आहे.

ती अट पहिल्यांदा नीट पाळली गेली ती निन्टेन्डोमध्ये. गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या ‘डॉन्की काँग’ गेम अँड वॉच या हातात धरायच्या खेळावर अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा डी-पॅड, म्हणजे दिशांचं बटण, बसवला आणि १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राने (कन्सोलने) तोच डाव्या अंगठ्याखाली घेतला. उजव्या अंगठ्याला दोन बटणं मिळाली: डावीकडे बी, उजवीकडे ए. डावीकडून वाचलं तर हा क्रम उलटा वाटतो. उजव्या कडेकडून आत वाचत गेलं की तो सरळ लागतो, कारण उजवा अंगठाही त्याच कडेवरून आत येतो आणि सगळ्यात आधी ए वर टेकतो. १९८७ च्या पीसी इंजिन या दुसऱ्या कन्सोलनेही हेच केलं. पहिलं बटण उजवीकडे, दुसरं त्याच्या डावीकडे. निन्टेन्डोने हा क्रम पुढे बहुतेक ठिकाणी पाळला.

सुरुवातीच्या फॅमिकॉमवरची ही बटणं चौकोनी आणि रबरी होती. चौकोनी बटण तिरकं दाबलं गेलं की त्याचा कोपरा भोकाच्या कडेखाली शिरतो आणि तिथेच अडकतो. लवकरच ती बदलून गोल, कडक प्लास्टिकची बटणं आली. गोलाला अडकायला कोपराच नसतो.

ए-बीच्या या जोडीने अंगठ्याला एक सवय लावली, आणि पुढचा सगळा इतिहास त्या सवयीभोवती फिरतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) बी दाबून ठेवलं की धाव आणि ए दाबलं की उडी. धावता धावता उडी मारायची तर बी सोडून चालत नाही. म्हणून अंगठ्याचं टोक बी वर टेकवून ठेवायचं आणि मागचं पेर खाली लोळवून ए दाबायचं. एकाच अंगठ्याने दोन बटणं, आणि तीही एकमेकांपासून नेमक्या तेवढ्याच अंतरावर.

एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या परदेशी आवृत्तीचा, कंट्रोलर उघडला की प्रत्येक बटणाखाली रबरी घुमट दिसतो. घुमटाच्या पोटात कार्बनची काळी टिकली आणि तिच्याखाली सर्किटवरचे दोन तुटक मार्ग. टिकली टेकली की मार्ग जुळतो. शेजारी एकच चिप असते, ४०२१ क्रमांकाची. कन्सोलने इशारा दिला की ती आठही बटणांची स्थिती एका क्षणात टिपून घेते आणि मग एकेका ठोक्याला एकेक बिट एकाच तारेवरून पाठवते. त्यामुळे वीज, जमीन (ग्राउंड), इशारा, ठोका आणि डेटा अशा पाच तारांत आठ बटणं भागतात. बिटांचा क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं.

हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. २१ नोव्हेंबर १९९० ला सुपर फॅमिकॉम (परदेशात सुपर निन्टेन्डो) आला तेव्हा उजव्या अंगठ्याखाली चार बटणं पत्त्यांतल्या चौकटच्या टोकांसारखी मांडलेली होती आणि खांद्यावर, म्हणजे पॅडच्या वरच्या कडेवर, एल, आर नवी आली होती. बटणं बारा झाली, बिटं सोळा. त्यांचा क्रम असा: बी, वाय, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, ए, एक्स, एल, आर आणि शेवटची चार रिकामी. पहिली आठ एनईएसच्या यादीशी ताडून बघा. जिथे ए होतं तिथे बी आलंय आणि जिथे बी होतं तिथे वाय. अक्षरं बदलली, पण अंगठ्याची जुनी जोडी तशीच राहिली: डावीकडचं वाय म्हणजे धाव, खालचं बी म्हणजे उडी. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ याच दोन बटणांवर खेळला जातो, आणि टोक-पेराची ती पकड तिरकी झाली इतकंच. सुपर निन्टेन्डोच्या पॅडची वायर योग्य तारा जुळवून एनईएसच्या प्लगला जोडली तर मध्ये कुठलीही चिप न घालता तो चालतो. एनईएस पहिली आठ बिटं वाचून थांबतो. ए, एक्स, एल, आर निकामी राहतात आणि बी दाबलं की मारिओ उडी मारतो.

अमेरिकी सुपर निन्टेन्डोत वाय आणि एक्सचा माथा खोलगट आहे, बी आणि एचा फुगीर. अंगठ्याला न बघता फरक कळावा म्हणून केलेली ही इतकी छोटी गोष्ट नंतरच्या बहुतेकांनी उचलली नाही, याचं वाईट वाटतं.

सेगा दुसऱ्या वाटेने गेली. तिच्या मास्टर सिस्टिम या कन्सोलवर डावीकडून १ आणि २. त्यानंतरच्या मेगा ड्राइव्हवर (ऑक्टोबर १९८८) डावीकडून ए, बी, सी. म्हणजे साधं वाचनाप्रमाणे, डावीकडून उजवीकडे. ‘स्ट्रीट फायटर २’ घरोघरी पोचला तेव्हा तीन बटणं कमी पडली, कारण त्या गेमला तीन ठोसे आणि तीन लाथा अशी सहा बटणं लागतात. तीन बटणांच्या पॅडवर स्टार्ट दाबून ठोसे आणि लाथा आलटून पालटून घ्याव्या लागत. १९९३ मध्ये सहा बटणांचा पॅड आला: खालच्या ओळीत ए, बी, सी आणि वरच्या ओळीत एक्स, वाय, झेड. हा पॅड जुन्या नऊ पिनांच्या प्लगवरच चालवायचा होता. कन्सोल एका निवड-तारेची पातळी वर-खाली करून बटणांचे दोन गट वाचत असे. नवा पॅड ते बदल मोजतो आणि ठरावीक बदलानंतर जादा बटणं त्याच तारांवर सोडतो. काही जुने गेम ती तार गरजेपेक्षा जास्त वेळा हलवत, आणि मग भलतीच बटणं दाबल्यासारखं व्हायचं. त्यावर तोडगा पॅडमध्येच आहे: मोड बटण दाबून धरून कन्सोल चालू करायचा, म्हणजे तो तीन बटणांचा पॅड असल्यासारखा वागतो.

आता सेगाच्या त्या दोन ओळींतून सी आणि झेड वगळा. खाली ए, बी उरतात; वर एक्स, वाय. ही चार बटणं चौकटमध्ये बसवायची तर ए खाली, बी उजवीकडे, एक्स डावीकडे आणि वाय वर. नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या सेगाच्याच ड्रीमकास्टची मांडणी अक्षरशः हीच आहे, आणि १५ नोव्हेंबर २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचीही. रंग तेवढे वेगळे. ड्रीमकास्टवर ए लाल आहे, एक्सबॉक्सवर ए हिरवं आणि बी लाल. एक्सबॉक्सवर सुरुवातीला काळं आणि पांढरं अशी आणखी दोन छोटी बटणं होती आणि ती वेळेवर सापडत नसत. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ने ती काढून खांद्यावर दोन बंपर बटणं दिली.

सोनीच्या पॅडचा चेहरा तेइयु गोतो यांनी ठरवला. डिसेंबर १९९४ च्या प्लेस्टेशनवर त्यांनी त्रिकोण, चौकोन, वर्तुळ आणि फुली ठेवली. त्यांनी स्वतः सांगितलेला अर्थ असा: त्रिकोण म्हणजे नजरेची दिशा, चौकोन म्हणजे कागद, म्हणजेच मेनू, वर्तुळ म्हणजे होय आणि फुली म्हणजे नाही. जपानमध्ये बरोबर उत्तराला वर्तुळ करतात, चुकलेल्याला फुली, त्यामुळे तिथे हे सांगावंच लागत नाही. शिवाय वर्तुळ उजवीकडे आहे, निन्टेन्डोच्या ए च्या जागी. पश्चिमेकडे मात्र फुलीला ‘नाही’ असा अर्थ चिकटलेला नव्हता, आणि फुली खाली, अंगठ्याला सोयीच्या जागी होती. तिकडे फुली म्हणजे होकार अशी रीत पडली. एकच पॅड, पण प्रदेश बदलला की होकार-नकार उलटे; जपानी प्लेस्टेशन ४ च्या मेनूत वर्तुळाने निवड करायची आणि बाहेरून आलेल्या काही गेममध्ये शिरलं की फुलीने. २०२० च्या प्लेस्टेशन ५ पासून जपानमध्येही फुली म्हणजे होकार झाला. जपानी खेळाडूंना तो बदल जड गेला असेल तर नवल नाही. त्यांच्या दृष्टीने ‘चूक’ हे चिन्ह दाबून ‘बरोबर’ म्हणायचं होतं.

निन्टेन्डोनेही मध्ये ही चार बटणांची मांडणी मोडून बघितली. निन्टेन्डो ६४ (१९९६) वर ए, बी आणि कॅमेऱ्यासाठी चार पिवळी सी बटणं. गेमक्यूब (२००१) वर मधोमध मोठं हिरवं ए आणि त्याच्याभोवती बाकीची: बी डावीकडे खाली, एक्स उजवीकडे, वाय वर. बटण न बघता सापडावं या कसोटीवर गेमक्यूबची मांडणी सगळ्यांत सरस आहे. पण चारही बटणं सारखी धरणारे गेम तिच्यावर अवघडतात, आणि स्विचपर्यंत (२०१७) निन्टेन्डो सुपर फॅमिकॉमच्या चौकटवर परत आलेली होती.

पीसीवर हे सगळे पॅड एकत्र येतात आणि खरी भानगड तिथे होते. विंडोजच्या जुन्या पद्धतीत बटणांना नुसते आकडे असतात. एक्सबॉक्सचा पॅड ए, बी, एक्स, वाय या क्रमाने ०, १, २, ३ पाठवतो. प्लेस्टेशन ४ चा पॅड चौकोन, फुली, वर्तुळ, त्रिकोण या क्रमाने. म्हणून एक्सबॉक्स गृहीत धरलेल्या गेममध्ये उडी चौकोनावर जाते आणि नकार फुलीवर. लिनक्समध्ये प्रत्येक बटणाला दिशेचं आणि अक्षराचं अशी दोन नावं आहेत: दक्षिण म्हणजे ए, पूर्व म्हणजे बी, उत्तर म्हणजे एक्स, पश्चिम म्हणजे वाय. पहिली दोन नावं एक्सबॉक्सला जुळतात, शेवटची दोन निन्टेन्डोला. परिणामी एक्सबॉक्सचं डावीकडचं एक्स ‘उत्तर’ म्हणून नोंदलं जातं, आणि फक्त एक्स-वायच उलटे पडण्याची तक्रार येते ती बहुतेकदा इथूनच. ब्राउझरमध्ये ०, १, २, ३ म्हणजे खाली, उजवं, डावं, वर असं जागेवरून ठरलेलं आहे. जुन्या कन्सोलचे गेम पीसीवर चालवणाऱ्या (एम्युलेटर) रेट्रोआर्कच्या आतल्या पॅडचा क्रम बी ०, वाय १, सिलेक्ट २, स्टार्ट ३, मग चार दिशा, ए ८, एक्स ९, एल १०, आर ११ असा आहे: सुपर फॅमिकॉमच्या तारेवरून बिटं ज्या ओळीने येत होती, तीच ही ओळ.

बटणं उलटी पडली तर आधी कच्चा आकडा बघावा. विंडोजवर ‘जॉय डॉट सीपीएल’, लिनक्सवर ‘ईव्हीटेस्ट’. खालचं, उजवं, डावं, वरचं या क्रमाने एकेक दाबून आकडे लिहून घ्यावेत. मग ठरवावं की जुळवायचं काय, अक्षर की जागा. मेनू वाचत खेळायच्या गेममध्ये अक्षर जुळवलेलं बरं. उड्या आणि मारामारीच्या गेममध्ये जागाच जुळवावी. एनईएसचा गेम एक्सबॉक्सच्या पॅडवर अक्षराने जुळवला तर उडी खालच्या बटणावर आणि धाव उजवीकडच्या बटणावर येते. पेराने दाबायचं ते टोकाखाली येतं आणि धावती उडी जमत नाही. एक्स वर धाव आणि ए वर उडी ठेवली की पकड पूर्ववत होते.

अदलाबदल एकाच ठिकाणी करावी. स्टीममध्ये (पीसीवरच्या गेमच्या दुकानात) निन्टेन्डो मांडणी चालू आणि एम्युलेटरमध्येही ए-बी उलटे, असं झालं की दोन्ही एकमेकांना खोडतात आणि काहीच बदललं नाही असं वाटतं. प्लेस्टेशनचा पॅड एक्सबॉक्सचा भासवणारं सॉफ्टवेअर चालू असेल आणि मूळ पॅड लपवलेला नसेल, तर गेमला दोन पॅड दिसतात आणि एका दाबाला दोन हालचाली होतात; तेव्हा मूळ पॅड लपवायचा. कन्सोलच्या सेटिंगमधून बटणं बदलता येतात (स्विचवर एप्रिल २०२० च्या अपडेटपासून), पण गेममधली चित्रं बदलत नाहीत, ‘ए दाबा’ तसंच राहतं. पॅड उघडून टोप्या बदलायचा विचार असेल तर आधी टोप्यांच्या कडांवरच्या खाचा बघाव्यात. त्या बऱ्याच पॅडांत प्रत्येक भोकाला वेगळ्या असतात, आणि जोर लावून बसवलेली टोपी खाली रुतून बसते. बसलीच, तरी तिच्याखालचं रबर आणि त्याखालचा मार्ग आधीचाच असतो, त्यामुळे कन्सोलला जाणारा संदेश बदलत नाही.