फ्रँकेनस्टाइन : वैज्ञानिक महत्त्वाकांक्षा आणि स्त्री-पुरुष भूमिका

मेरी शेली (१७९७–१८५१) या इंग्रज लेखिकेच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ या गॉथिक (भय आणि गूढ यांवर उभ्या असलेल्या) कादंबरीतले एक प्रमुख आशयसूत्र. १८१८ मध्ये कादंबरी तीन खंडांत, लेखिकेच्या नावाविना निघाली. प्रस्तावना नवरा, कवी पर्सी शेलीने लिहिलेली, अर्पण वडील, विचारवंत विल्यम गॉडविनला. साहजिकच अनेकजण लेखक पुरुष असल्याचे धरून चालले. मेरीचे नाव १८२३ च्या दुसऱ्या आवृत्तीवर आले.

स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ मध्ये गाजलेला ग्रंथ लिहिणारी मेरी वुलस्टनक्राफ्ट ही तिची आई. मुलीच्या जन्मानंतर अकरा दिवसांतच ती बाळंतज्वराने गेली. मेरीचे स्वतःचे पहिले मूलही १८१५ मध्ये दगावले. शेकोटीपाशी अंग चोळल्यावर बाळ पुन्हा जिवंत झाले, असे स्वप्न पडल्याची नोंद तिच्या रोजनिशीत आहे. पुढच्याच वर्षी जिनिव्हा सरोवराकाठी तिने ही कादंबरी लिहायला घेतली. प्रेतात प्राण फुंकण्याची कल्पना त्या काळी निव्वळ परीकथा नव्हती. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी आल्दिनीने १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी गेलेल्या कैद्याच्या प्रेताला विजेचे झटके दिले, तेव्हा त्याचा जबडा हलला आणि एक डोळा उघडला होता.

कादंबरीचा नायक व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन जर्मनीतल्या इंगोलश्टाट विद्यापीठात शिकतो आणि मृतदेहांच्या अवयवांतून कृत्रिम जीव घडवायला घेतो. त्याचे प्राध्यापक वाल्डमन निसर्गाविषयी बोलतात ते एखाद्या स्त्रीविषयी बोलावे तसे : आधुनिक शास्त्रज्ञ तिच्या गुप्त जागांत शिरतात आणि तिचे काम कसे चालते ते उघड करतात. व्हिक्टर हीच भाषा उचलतो. नवी प्रजाती आपल्याला जन्मदाता मानील, कोणत्याही बापाला लाभली नसेल अशी कृतज्ञता आपल्या वाट्याला येईल, असे त्याला वाटते. या सगळ्या हिशेबात आई कुठेच नाही. महिनोन्‌महिने तो घरच्यांना पत्रही धाडत नाही. नोव्हेंबरच्या रात्री कृत्रिम जीव डोळे उघडतो, तेव्हा हा त्याला टाकून पळतो. त्या रात्री स्वप्नात तो वाग्दत्त वधू एलिझाबेथचे चुंबन घेतो आणि मिठीत मेलेल्या आईचे कलेवर उरते.

घरच्या बायकांचे काम सेवाशुश्रूषा करण्याचे, वाट पाहण्याचे आणि जीव गमावण्याचे. एलिझाबेथची शुश्रूषा करताना व्हिक्टरची आई कॅरोलिन लोहितज्वराने मरते, घरची निरपराध मोलकरीण जस्टिन फासावर जाते, एलिझाबेथचा लग्नाच्याच रात्री खून होतो. व्हिक्टर इंग्लंडला निघतो तेव्हा अनुभव आणि बुद्धी वाढवण्याची तशी संधी आपल्याला नाही, एवढीच खंत एलिझाबेथ व्यक्त करते. हे वाक्य वाचताना सहज निसटते. पण वुलस्टनक्राफ्टच्या ग्रंथातली तक्रारच त्यात बोलते. वुलस्टनक्राफ्टच्या शिकवणीच्या सर्वांत जवळचे पात्र म्हणजे तुर्की व्यापाऱ्याची मुलगी सफी. बुद्धीचा आणि स्वतंत्र वृत्तीचा ध्यास धरावा हे तिला आईने शिकवलेले असते आणि बापाची आज्ञा मोडून ती एका सेविकेसह परमुलखात निघते.

स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरच्या प्रसंगात दोन्ही धागे एकत्र येतात. कृत्रिम जीवाशी केलेल्या करारानुसार त्याच्यासाठी जोडीदारीण घडवता घडवता व्हिक्टर थबकतो. तिच्या जन्माआधी दुसऱ्यांनी केलेला करार तिने मानला नाही तर? तिला तो आवडलाच नाही तर? तिला मुले झाली तर? तो अर्धवट देह फाडून टाकतो, पुढे अवशेष दगडांसह टोपलीत भरतो आणि रात्री समुद्रात बुडवतो. आपल्याला अपत्याचा जनक होण्याचा हक्क आहे याविषयी त्याला कधी शंका आलेली नसते. स्त्रीला स्वतःची इच्छा असेल, या नुसत्या शक्यतेने मात्र त्याचा थरकाप उडतो. मरणाच्या दारातही तो उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या जहाजावरच्या, बर्फात अडकलेल्या खलाशांना ‘मर्द व्हा, मर्दांहूनही मोठे व्हा’ असे चेतवतो. खलाशी बधत नाहीत आणि कप्तान वॉल्टनला जहाज मागे वळवावे लागते.

एलेन मोअर्स (१९७६) यांनी कादंबरी बाळंतपणाच्या भीतीची कथा म्हणून वाचली. अ‍ॅन मेलर (१९८८) यांनी निसर्गावर ताबा मिळवू पाहणाऱ्या पुरुषी विज्ञानावरची टीका म्हणून. ऑर्कनीचा प्रसंग पाहता मेलर यांचे वाचन अधिक पटते. अभ्यासकाने आवृत्ती मात्र पाहून घ्यावी. १८१८ च्या संहितेत एलिझाबेथ व्हिक्टरची आतेबहीण आहे. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत ती अनाथ मुलगी होते. कॅरोलिन तिला ‘सुंदर भेट’ म्हणून घरी आणते आणि छोटा व्हिक्टर ते शब्दशः घेऊन तिला आपल्या मालकीची समजू लागतो.